हँग न होणारं मशीन

८ एप्रिल २००७, रविवार. जुने शहर, अकोला

हाताने केलेले, आठवेल तसे: सायकलच्या स्पोकचा एरियल, वय अकरा. रेडिओ सात, त्यातले चार अजून बोलतात. शिवणयंत्राच्या चाकावरून ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे यंत्र. स्टॅबिलायझर दीडशेच्या वर, मोजणे सोडले. मोहल्ल्यातल्या मशिदीचा बॅटरीवरचा भोंगा, लाइट गेली तरी अजान अडत नाही. शाळेची घड्याळाला जोडलेली घंटा. कूलर एकसष्ट. संगणक चौदा, त्यातले तेरा चालू. चौदावा चोरीला गेला, तोही चालू होता.

यादी करायचे कारण एक फॉर्म. वामनराव माळ्यांची रोहिणी शेतकी कॉलेजातून पास होऊन आली. मार्केट यार्डाच्या मागे बापाच्या फुलांच्या गोदामातच तिने माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा टाकली आहे. एका सोसायटीने तिला गावोगावचे सहाशे नमुने दिले. रिपोर्ट मृगाच्या आधी पाहिजेत. त्यासाठी संगणक घ्यायचा, पैसे सोसायटीचे, म्हणून जोडणाऱ्याची माहिती पाहिजे. रकाना तिसरा: तांत्रिक शिक्षण. मी लिहिले, निरंक. मग फॉर्म उलटा केला आणि वरची यादी लिहिली.

रोहिणी हसली नाही. म्हणाली, "चाचा, थे मागचीच बाजू वाचतील."

१० एप्रिल, मंगळवार

तीन मदरबोर्डांची माहिती आणली. तिन्हीत चित्राची चिप बोर्डावरच. वेगळे ग्राफिक्स कार्ड घालायचे नाही हे पहिल्या दिवशीच ठरले होते. कार्ड म्हणजे आणखी एक पंखा, आणखी एक खाच, धुळीने ढिली होणारी आणखी एक जागा. रोहिणीला आकडे छापायचे आहेत, गेम खेळायचे नाहीत.

पहिला २३५०. मागे नऊ पिनांचा कॉम पोर्टच नाही. रोहिणीचे क्षार मोजायचे मीटर त्याच केबलने संगणकाशी बोलते. बाद.

दुसरा ३६००. सगळे आहे, दोन स्क्रीन चालतात म्हणे. प्रयोगशाळेत बसायला खुर्ची एक.

तिसरा २८५०. कॉम पोर्ट आहे, प्रिंटरचा जाड पोर्ट आहे. चित्राच्या चिपवर उष्णता सोडणारी ॲल्युमिनियमची जाळी, पंखा नाही. पंखा नाही हाच गुण. तेवढासा पंखा वर्षभरात धूळ खाऊन बंद पडतो आणि चिपला घेऊन जातो. चित्रासाठी ६४ एमबी मेमरी जाणार, म्हणून मेमरी ५१२च्या दोन पट्ट्या.

तिसरा घेणार. कारणे लिहून काढली, पान दीड.

बिल्किसने पान पाहिले. म्हणाली, "निकाह के वक्त इतना सोचे थे क्या?"

१४ एप्रिल, शनिवार

एस.टी.ने अमरावती. अशोकसेठच्या दुकानात बोर्ड घेतला. डबा उघडून दाखवल्याशिवाय घेत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. भिंग लावून कपॅसिटर मोजले. तेवीस. एकही फुगलेला नाही, सगळ्यांवर एकाच कारखान्याची अक्षरे.

दुकानात गर्दी होती. अशोकसेठ मोठ्याने म्हणाला, "गफूरभाई, बोर्ड घेऊन राहिले का सून पाहून राहिले?"

मी म्हणालो, "सून परत करता येत नाही, म्हणून तिथे एवढं पाहत नाहीत."

लोक हसले. दुरुस्ती: आधी हसले ते त्याच्या बोलण्यावर, माझ्या बोलण्यावर दोघेच.

२० एप्रिल, शुक्रवार

जुम्म्यानंतर मशीन बसवले. दुकानात अठ्ठेचाळीस तास चालवून मगच नेले. एकदाही अडले नाही.

खोलीला नवा चुना मारला आहे. एका खिडकीत कूलर, माझाच, अठ्ठावन्नावा. दुसऱ्या बाजूला इन्व्हर्टर; लोडशेडिंगमध्ये संगणक, मीटर आणि एक ट्यूब चालते, कूलर चालत नाही.

वामनराव डोक्यावरच्या पाटीत निशिगंधाच्या जुड्या घेऊन आले, ओझे खाली न ठेवताच बोलले. "मिस्त्री, एक सांगून ठेवतो. पोरीले म्या एक हंगाम देल्ला. सहाशे कागद वेळेवर गेले तर ही खोली तिची. नाई तर संभाजीनगरकडच्या बियाण्याच्या कंपनीत जागा आहे, तिथं जाईल. आता सारं तुमच्या डब्यावर."

मी म्हणालो, "हे मशीन हँग होणार नाही."

"लिहून द्या."

दिले. दुकानाच्या कार्डाच्या मागे. सही, तारीख.

रोहिणी बापाकडे पाहत होती. मग मला हळूच म्हणाली, "चाचा, मले त्या कंपनीत नाई जायचं."

२४ एप्रिल, मंगळवार

दुपारी २.४० ला रोहिणीचा फोन. पडदा गोठला, उंदीर हलत नाही. मोटरसायकलने गेलो. बंद करून चालू केले, चालले. अठरा रिपोर्ट सेव्ह केलेले नव्हते, गेले. तिला दर पाच मिनिटांनी सेव्ह करायला सांगितले. ती हाव म्हणाली.

दुरुस्ती: २.५० वाजले होते. तिच्या भिंतीचे घड्याळ मागे आहे.

२७ एप्रिल, शुक्रवार

परत अडले. परवाही अडले होते, तिने सांगितले नाही. विचारले काहून सांगितलं नाही, तर म्हणते, "तुमी उन्हात येता."

टिपण काढले. सकाळी नीट. दुपारी बारानंतर अडते. चार वाजता लोडशेडिंग सुरू झाले की इन्व्हर्टरवर सहा वाजेपर्यंत लोण्यासारखे चालते. सहाला लाइट येते, तासाभरात परत अडते.

म्हणजे लाइट असताना आजारी, लाइट गेली की ठणठणीत. उघड आहे: व्होल्टेज. दुपारी तीनला मोजले, १८८.

वामनराव दारातून: "मिस्त्री, तुमच्या मशीनले दुपारी झोप लागते का? आमच्या बैलाले लागते."

३० एप्रिल, सोमवार

स्टॅबिलायझर बसवला. स्वतः गुंडाळलेला, मोजून २३०. १.२० ला अडले. २.०५ ला अडले.

मग चित्राची चिप. जाळीला बोट लावून पाहिले, चटका. खोलीत ४१ अंश. पंखा नसलेली जाळी अकोल्याच्या उन्हाला पुरत नसावी. हे मी १० तारखेच्या कारणांत धरायला हवे होते. धरले नव्हते.

२ मे, बुधवार

उपाय केला आणि चांगला झाला. पत्र्याचा चौकोनी नळ, सहा इंची, कूलरच्या तोंडापासून थेट कॅबिनेटच्या बाजूच्या जाळीपर्यंत. पत्रा घरीच कापला, सांधे रिव्हेटने, कडा आत दुमडल्या म्हणजे रोहिणीचा हात कापणार नाही. आता गार हवा सरळ बोर्डावर. चिपची जाळी हाताला गार लागते. कूलरची टाकी कोरडी पडू देऊ नका, बोअरच्या पाण्याने वरचेवर भरत राहा, असे बजावले.

रोहिणी म्हणाली, "चाचा, आमच्यापेक्षा मशीनची मजा आहे."

तिचा चेहरा घामाने निथळत होता. खरे आहे, कूलरची निम्मी हवा मी नेली.

५ मे, शनिवार

तीनदा अडले. नळ लावण्याआधी एकदा-दोनदा अडत होते.

आज तिथे एक बाई बसलेली होती, दर्यापूरकडच्या गावची. बेबीबाई. रिपोर्टसाठी तिसऱ्यांदा आली, दर वेळी दोन गाड्या बदलून. रोहिणीने नाव विचारले, तर कागदावर नवऱ्याचे नाव होते.

बाई म्हणाली, "माह्यं टाक. थ्याले वावरात ढेकूळ कोनतं अन् गोटा कोनता हे नाई समजत. वावर मी करतो."

रोहिणी नाव बदलत असतानाच पडदा गोठला.

बाईने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "हे बनवनारे तुमीच काय जी?"

"हाव."

"मंग बसा. मी बी बसतो." आणि पिशवीतून भाकर काढली. मलाही अर्धी दिली. ती गाडी चुकू नये म्हणून रोहिणीने शेवटी रिपोर्ट हाताने लिहून दिला. बाईने शिक्का मागितला. शिक्का मारून दिला.

मोटरसायकल पुलावर थांबवून बराच वेळ उभा होतो. मोर्णेत पाणी नाही, पाहण्यासारखे काही नव्हते.

७ मे, सोमवार

बोर्ड काढून दुकानात आणला. त्यावर पांढरी धूळ, भिंतीचा चुना. ब्रशने झाडली. लावून पाहिला, अठ्ठेचाळीस तास चालवणार. खात्री आहे की गरम केल्यावरच अडतो. दोष चिपच्या खालच्या सोल्डरमध्ये. डोळ्याला दिसणार नाही अशा जागी.

बिल्किस म्हणाली, "मेरे अब्बा मरीज की नब्ज बाद में देखते थे, पहले पूछते थे किस कुएँ का पानी पीता है." तिचे वडील हकीम होते. बाईला बोर्डातले काय समजते असे मनात आले.

१० मे, गुरुवार

अमरावती. बोर्ड दोन दिवस दुकानात नीट चालला, तरी परत केला. सोबत चिठ्ठी. तिची नक्कल इथे ठेवतो:

"सदर बोर्ड थंड जागी ४८ तास निर्दोष चालतो. ४० अंशांवरील खोलीत दुपारी १२ ते ४ आणि सायंकाळी ६ नंतर, नऊ दिवसांत सतरा वेळा अडला, वेळा सोबत जोडल्या आहेत. विद्युतदाब स्थिर करून पाहिला, फरक नाही. हवा थेट देऊन पाहिली, फरक नाही. तेवीसही कपॅसिटर सुस्थितीत. यावरून दोष चित्राच्या चिपखालील सोल्डरमध्ये, आणि तो कारखान्यातला आहे. वापरणाऱ्याची चूक नाही."

दुकानात आवाज चढला, माझाच. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की असा माल वऱ्हाडात विकू नका, इथला उन्हाळा तैवानचा नाही. अशोकसेठने चिठ्ठी दोनदा वाचली. "कंपनीच्या नागपूर डेपोत पाठवतो."

१५ मे, मंगळवार

पाच दिवसांत नवा बोर्ड आला. अशोकसेठचा फोन: "गफूरभाई, लोकांचे बोर्ड दोन-दोन महिने पडून राहतात. तुमची चिठ्ठी वाचून डेपोवाल्यानं एक प्रश्न नाई विचारला."

छाती फुगली, खोटे कशाला लिहू.

नवा बोर्ड बसवला. नळ पुन्हा जोडला, यावेळी सांध्यांना रबर लावून, म्हणजे हवा वाया जाणार नाही. रिपोर्ट झालेले २१०. बाकी ३९०. तीन आठवडे आहेत. पुरतात.

२४ मे, गुरुवार

नऊ दिवस चालला. आज अडला.

तारीख लिहून पेन खाली ठेवला होता. परत उचलला.

२५ मे, शुक्रवार

गेलो नाही. रोहिणीचे दोन फोन आले. दुसरा बिल्किसने घेतला. म्हणाली, घरपेच है, आवाज नै निकलती उनकी.

२६ मे, शनिवार

गेलो. वामनराव पुढेच होते, देशी गुलाबाच्या टोपल्यांवर गोणपाट भिजवून टाकत होते. टोमणा मारतील म्हणून तयारीने गेलो होतो. त्यांनी मारला नाही. "पानी घ्या मिस्त्री," एवढेच. ते जास्त लागले.

आत रोहिणीने कॅबिनेट आधीच उघडून ठेवले होते. मला विचारल्याशिवाय. राग आला. म्हणालो, "स्क्रू सगळे ठेवले का?"

"आठही ठेवले. वाटीत." मग म्हणाली, "चाचा, रागावू नका. एक नमुना घेतला म्या."

बोर्डावरची पांढरी धूळ तिने कापसाने पुसून काचेच्या नळीत, डिस्टिल्ड पाण्यात घातली होती. मीटरची कांडी आत बुडवली. आकडा चढत गेला. मग तिने भिंतीचा चुना खरवडून दुसऱ्या नळीत घातला, त्याची तपासणी वेगळी केली. दोन्ही एक नव्हते.

मग तिने मीटर पाण्यांना लावले. महापालिकेच्या नळाचे पाणी ०.६. बोअरचे ४.१. कूलरच्या टाकीतले ९.८.

मी विचारले, बोअर ४.१ तर टाकीत ९.८ कसे?

"पाणी उडून जाते, मीठ उडत नाई. तुमी सांगितलं होतं ना, रिकामी करू नका, वरून भरत राहा."

एवढे बोलून ती थांबली. पुढचे मला दिसत होते. खारपाण पट्ट्यातले बोअरचे पाणी, कूलरच्या गवतातून उडणारा बारीक तुषार, आधी खोलीभर, मग थेट सहा इंची नळातून. रिव्हेटचे सांधे. रबर. एक थेंब वाया जाऊ दिला नाही. सकाळी कूलर लागत नाही, लाइट गेली की कूलर बंद: बोर्ड कोरडा, मशीन ठीक. लाइट आली की खारी ओल परत बोर्डावर. दुकानात कूलर लावत नाही, म्हणून तिथे अठ्ठेचाळीस तास ठीक. सगळे माझ्याच टिपणात लिहिलेले होते, वेळेसकट.

रोहिणीने प्रिंटरमधून कागद फाडून दिला. तिच्या नेहमीच्याच फॉर्मवर छापला होता, दुसरा फॉर्मच नाही तिच्याकडे. अर्जदार: गफूर मिस्त्री. गाव: जुने शहर. नमुना क्र. ६०१. पीक: मदरबोर्ड. निष्कर्ष: पाणी अतिक्षारयुक्त. सिंचनास अयोग्य.

"गंमत म्हणून छापला. फाडून टाका पायजे तर."

फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. ती आणि मी दोघेही हसलो, आधी ती.

मग विचारले, "तुले केव्हापासून संशय होता?"

"नळ लावला तेव्हापासून."

"काहून बोलली नाही?"

"तुमी कडा आत दुमडल्या होत्या. माह्या हाताले लागू नये म्हणून."

२८ मे, सोमवार

शनिवारीच बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुतला, मग स्पिरिटने. काल दिवसभर गच्चीवर मलमलीखाली वाळवला, आज सकाळी बसवला. नळ काढला, पत्रा परत आणला. कूलरचे तोंड फिरवले तरी हवा खोलीभर जातेच, आणि महापालिकेच्या नळाला पाणी चौथ्या दिवशी. टाकीला पुरणार नाही. ठरले की मशीन चालू तर कूलर बंद.

म्हणजे रोहिणी ४३ अंशांत बसणार. ओली ओढणी डोक्यावर घेऊन बसली. वामनराव भिजवलेले गोणपाट खिडकीला टांगून गेले, फुलांवरचे काढून. म्हणाले, "एक दिवस फुलं सोसतील."

दिवसभर एकदाही अडले नाही. ३१ रिपोर्ट.

३१ मे, गुरुवार

चार दिवस, एकदाही नाही. झालेले ३९२. चाळीस नमुन्यांच्या पिशव्यांवरची नावे घामाने पुसली होती, ती मातीच्या रंगावरून आणि वहीवरून जुळवली. मी वाचत होतो, ती टाइप करत होती.

एक गोष्ट सारखी पुढे येते. पहिला बोर्ड चांगला होता. त्यात काही दोष नव्हता. दोष कारखान्यातला, वापरणाऱ्याची चूक नाही, असे मी लिहून दिले. आकडे खरे होते. वेळा खऱ्या होत्या. शेवटची दोन वाक्ये खोटी. आणि त्या चिठ्ठीवर नागपूरच्या कोणीतरी माणसाने विश्वास ठेवून बोर्ड दिला.

वहीतल्या दहा मिनिटांची दुरुस्ती करणारा माणूस आहे मी. ही दुरुस्ती वहीत करून भागणार नाही.

बिल्किसला सांगितले. ती म्हणाली, "तो जाके बोल दो. बस का टाइम देख लेती हूँ."

२ जून, शनिवार

अमरावती. अशोकसेठच्या दुकानात चार माणसे होती. ती जाईपर्यंत थांबावे असे वाटले. पण १० मेला आवाज चढवला तेव्हाही चार माणसे होती. म्हणून त्यांच्यासमोरच सांगितले. माल चांगला होता. चूक माझ्या कूलरची. जे बोललो ते परत घेतो. त्या बोर्डाची किंमत मी भरतो, कंपनीला तसे कळवा.

अशोकसेठने आधी पाणी मागवले, मग चहा. मग हसला, पण वाईट नाही. "गफूरभाई, बोर्ड गेला, बदली आली, डेपोची फाइल बंद. आता कोनाले सांगता?" मग मागच्या खोलीत चला म्हणाला.

मागच्या खोलीत जे बोलणे झाले ते आज लिहीत नाही. एस.टी.त मूर्तिजापूरपर्यंत उभा होतो, जागा असून.

४ जून, सोमवार

लिहून टाकतो.

मागच्या खोलीत बोर्डांचा ढीग होता. अठरा नांदगाव पेठेतल्या एका कारखान्याचे, छताचा पाइप फुटून भिजलेले. बाकी विजेने जळलेले, एकात झुरळांचे घर. कंपनी असले बदलून देत नाही. अशोकसेठने माझी १० मेची चिठ्ठी काढली. झेरॉक्स करून, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली.

म्हणाला, "इंजिनीअर आहेत माह्याकडं दोन. त्यांची चिठ्ठी दोन ओळींची, डेपोवाला फेकून देते. तुमच्यासारखं कोनी लिहीत नाई. तापमान, वेळ, कपॅसिटर मोजलेले. वाचून मले स्वतःले वाटलं का बोर्डच खराब आहे. अशा चिठ्ठ्या लिहून द्यायच्या. एवढंच काम. हातही काळे होणार नाई."

मी म्हणालो, "पण ते भिजलेले आहेत."

"तुमचाही भिजलेलाच होता, भाऊ."

त्याने ते टोचायला म्हटले नव्हते. खरोखर समजूत घालत होता. मला मुलगा नाही, मुलीचे लग्न झाले, डोळे किती दिवस भिंगाला साथ देतील, हेही तोच बोलला, आणि त्यातले खोटे काही नव्हते. विचार करून सांगा, म्हणाला.

विचार करायचा नव्हता. तरी बसमध्ये केला.

६ जून, बुधवार

रोहिणीचे ५४४ झाले. बाकी ५६. उद्या मृग. सोसायटीचा माणूस परवा येणार. आकाशात ढग आहेत, पाऊस नाही. तिचे डोळे लाल झाले आहेत. वामनराव येऊन उभे राहतात, विचारत नाहीत, फक्त गठ्ठ्याची उंची पाहतात.

आज एकदा पडदा क्षणभर थांबला. तीन सेकंद. मग चालला. रोहिणीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. प्रिंटरची रांग लांब होती म्हणून असेल. बहुतेक तेच. मीठ बोर्डाच्या आतल्या थरांत गेले असेल तर धुऊन निघत नाही, हेही खरे आहे. मी बहुतेक लिहिले आहे, नक्की नाही.

त्या कार्डामागे लिहून दिलेले वामनरावांनी परत दिले नाही, मी मागितले नाही.

८ जून, शुक्रवार

सोसायटीचा माणूस सकाळी आला. ५८१ नेले. एकोणीस राहिले, ते सोमवारी चालतील का हे त्याने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटले. वामनरावांनी त्याला शेवंतीचा हार दिला. त्याने घेतला, पण उत्तर दिले नाही. रोहिणी उरलेले छापत आहे.

बेबीबाईचा निरोप आला, गावच्या कंडक्टरकडून: हाताने लिहिलेला कागद सोसायटीत चालत नाही, छापलेला पाहिजे, नाव माह्यंच. तिचा आधी छापला.

नमाजनंतर दोन कागद लिहिले. एक नागपूर डेपोला, रजिस्टर पोस्टाने. दि. १० मेच्या चिठ्ठीतील शेवटची दोन वाक्ये चुकीची आहेत, कारण पुढीलप्रमाणे, बोर्डाची किंमत भरण्यास तयार. रोहिणीच्या ६०१ नंबरची झेरॉक्स जोडली. पोस्टातला बाबू म्हणाला, काय आहे यात? मी म्हणालो, दुरुस्ती.

दुसरा अशोकसेठला फोनवर वाचून दाखवायला लिहिला होता, पण फोनवर तोंडीच बोललो. पत्र डेपोला गेले हे ऐकून तो म्हणाला, "गफूरभाई, आता डेपोवाला माह्या प्रत्येक बोर्डाले भिंग लावीन." आणि मग, "तुमाले यापुढं बोर्ड देऊ का नाई, हे मले पाहावं लागन." त्याच्याशिवाय अमरावती-अकोल्यात तो बोर्ड कोणी ठेवत नाही. डेपोचे उत्तर काय येईल ते माहीत नाही.

बिल्किसने विचारले, "क्या बोले सेठ को?"

"नाही म्हणून सांगितलं."

"अच्छा." आणि भाजी चिरत राहिली. रक्कम तिने विचारली नाही, मीही सांगितली नाही. कुठेतरी नोंद पाहिजे म्हणून इथे लिहितो. अशोकसेठची ऑफर: अमरावतीत राहायला खोली, शुक्रवारी सुटी, भिंग आणि टेबल त्यांचे, महिन्याला वीस-पंचवीस चिठ्ठ्या. दर महिना बारा हजार रुपये. माझ्या दुकानात चांगल्या महिन्यात साडेचार सुटतात.

नाही म्हणालो. बारा हजार.